‘तयारी चालूये’ म्हणत मिटलेलं दार

सहा महिन्यांहून जास्त काळ शिक्षण, नोकरी, दोस्त सगळं सोडून घरातच बसलेल्या माणसाला जपानमध्ये ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्यामुळं १९९८ पासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. तिथल्या सरकारच्या २०२२ च्या पाहणीत १५ ते ६४ वयोगटातली अशी माणसं सुमारे १४ लाख ६० हजार निघाली.

आपल्याकडं याला घरकोंबडा म्हणायचं, हसायचं आणि विषय संपला.

जपानमध्ये चारचौघांतल्या अब्रूपायी घरचे पोराला लपवतात. ते आपल्यालाही जमतं, पण आपल्याकडं लपवायचीसुद्धा गरज पडत नाही. ‘एमपीएससीची तयारी चालूये’ एवढं सांगितलं की पाहुणे गप्प. वयाची अट खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे पंधरा-वीस वर्षं कुणी दार वाजवणार नाही. लातूरला नीटचा दुसरा-तिसरा रिपीट हुकला, संभाजीनगरची अभ्यासिका सुटली, पोरगं गावी आलं आणि आतल्या खोलीत गेलं ते गेलंच. पुस्तकावर धूळ, पण ‘अभ्यास करतोय, त्याला काही बोलू नका’. पोरींचं तर आणखी अवघड. पोरगी वर्षभर उंबरा ओलांडत नसली तर तिला वळणाची म्हणतात!

ओळखायचं कसं? अभ्यास करणारा दमतो, चिडतो, पण चहाला बाहेर येतो. हा पाहुण्यांची गाडी वाजली की कडी लावतो, सगळे झोपल्यावर जेवतो, पहाटे झोपतो. एकटाच हसणं-पुटपुटणं, जेवणात काहीतरी कालवलंय असा संशय असलं काही दिसलं तर मात्र तो वेगळा आजार असू शकतो. मग देवऋषी नको, वाट बघणंही नको, थेट मानसोपचारतज्ज्ञ.

घरचे हमखास तीन चुका करतात. वायफाय तोडतात: त्याचा बाहेरच्या जगाशी उरलेला एकमेव धागा जातो. मामाला बोलावून चार तास समजावतात: पुढचे चार महिने कडी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘लग्न करून द्या, सुधरंल’. त्यानं एका खोलीत दोन माणसं अडकतात.

तो डॉक्टरकडं येत नसेल तर पहिल्यांदा आईबापांनीच जावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, फोनवर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, रात्रीबेरात्रीही लागतो. आपण पोराशी बोलतो कसं, तिथूनच बरंचसं काम सुरू होतं.

घरी रोज दहा मिनिटं दाराबाहेर बसायचं. निकाल, नोकरी, कुणाच्या पोराचं सिलेक्शन, यातलं काहीच काढायचं नाही. म्हैस व्याली, बोअरचं पाणी गेलं, असलं बोलायचं. उत्तर नाही आलं तरी उठताना ‘येतो उद्या’ म्हणायचं आणि उद्या यायचंच. ताट बंद करून वठणीवर आणायला जाऊ नये. आठ-दहा दिवस उंबऱ्यावर, मग ओसरीत, मग चुलीपाशी, असं ते ताट सरकवत न्यायचं. एखाद्या दिवशी तो आला नाही तर एक पायरी मागं यायचं, टोमणा मारायचा नाही. झोपेचं घड्याळही एका रात्रीत फिरत नाही. चार-पाच दिवसांनी अर्धा तास अलीकडं, एवढंच.

बाहेर पडायची पहिली वेळ पारावर कुणी नसतानाची. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला आली की बाप तसाही मोटर चालू करायला निघतो आणि पोरगंही जागंच असतं. ‘बॅटरी धर जरा’ एवढंच म्हणायचं. अंधारात कुणी ‘काय करतोस सध्या?’ विचारत नाही, हाताला दारं धरायचं, म्हणजे पिकाला पाणी वळवायचं काम मिळतं आणि बापलेकांना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. (बूट घालायला लावा, पाटात साप असतात.)

आणि हे उद्यावर ढकलू नका: घरातलं फवारणीचं औषध आजच कुलपात ठेवा, किल्ली स्वतःपाशी. त्यानं मरणाचं एक वाक्य जरी बोललं, चेष्टेत बोललं तरी, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. भावकीला काय सांगायचं ते रस्त्यात ठरवा.