‘दियाथेके’ म्हणजे केवळ मृत्युपत्र नव्हे

माझी मावशी चाळीस वर्षे मराठी बायबल वाचते आहे. गेल्या आठवड्यात तिच्या मोबाइलवर एक मजकूर फिरत आला आणि तिने मला विचारले, “म्हणजे इतकी वर्षे आम्ही चुकीचेच वाचले का रे?” त्या मजकुराचे म्हणणे असे की बायबलच्या ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ या दोन भागांच्या नावांमागील ग्रीक शब्द ‘दियाथेके’ याचा अर्थ फक्त मृत्युपत्र असा आहे, ‘करार’ ही भाषांतरकारांची लबाडी आहे आणि देवाने इस्राएलाशी, म्हणजे प्राचीन यहुदी लोकांशी, कधी करार केलाच नाही.

यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. अथेन्समधील वारसाहक्काच्या खटल्यांत आणि इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर (प्राचीन कागदांवर) हा शब्द प्रामुख्याने मृत्युपत्रासाठीच येतो. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या 9:16–17 मध्येही तोच अर्थ अभिप्रेत आहे. मात्र ‘प्रामुख्याने’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे. इ.स.पू. 414 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ग्रीक नाटककार अरिस्टोफनीसच्या ‘पक्षी’ या नाटकात नायक पक्ष्यांकडे चावणार नाही अशा ‘दियाथेके’ची मागणी करतो. तेथे कोणी मरत नाही आणि कोणाची मालमत्ताही वाटली जात नाही.

खरा निकाल लागतो तो सेप्टुअजिंट या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुदी विद्वानांनी तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तके) ग्रीकमध्ये आणताना ‘करार’ या अर्थाच्या हिब्रू ‘बेरीथ’साठी सातत्याने ‘दियाथेके’ योजला. उत्पत्ती 21:27 उघडून पाहावे: विहिरीच्या वादानंतर अब्राहाम राजा अबीमलेखाला मेंढरे व गुरे देतो आणि ते दोघे ‘दियाथेके’ करतात. दोन जिवंत माणसांनी समोरासमोर उभे राहून केलेल्या या व्यवहाराला मृत्युपत्र कसे म्हणायचे, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे. बरोबरीच्या पक्षांतील तहासाठी ग्रीकमध्ये ‘सिंथेके’ हा शब्द होता. तो टाळण्याचे कारण अभ्यासक असे देतात की देवाशी झालेल्या करारात अटी देवच ठरवतो.

त्याच मजकुरातील ‘दिया’ म्हणजे ‘दोन’ आणि ‘थेके’ म्हणजे ‘पेटी’ ही फोड तर निराधार आहे. हा शब्द ‘व्यवस्था लावणे’ या अर्थाच्या ‘दियातिथेमी’ या क्रियापदापासून आला आहे.

राहिला इस्राएलाचा प्रश्न. यहुद्यांना त्यांच्याच शास्त्रातून बेदखल करणारा हा मुद्दा मला सर्वांत अधिक खुपतो. ‘नवा करार’ हे शब्दच जुन्या करारातील यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील (31:31) आहेत, आणि तेथे देव तो करार इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांशीच करीन म्हणतो.