‘घरात टॅबलेट असताना हे कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुलांसाठी प्रवासात न्यायला ई-रीडर (फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र) कसा निवडावा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि बऱ्यापैकी चिडून लिहिलंत. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. घरात टॅबलेट असताना आणखी एक यंत्र घेणं ही उधळपट्टी. स्क्रीन ती स्क्रीनच. ई-रीडरनं झोप बिघडते हे सिद्ध झालेलं आहे. सहलीत मुलांना खिडकीबाहेर बघू द्यावं, कंटाळू द्यावं. वाचायचंच असेल तर कागदी पुस्तकं काय वाईट? आणि मी सुचवलेलं ते सहा इंची, काळंपांढरं, रखडत चालणारं यंत्र तुमची दहा वर्षांची मुलगी दहा मिनिटांत बाजूला टाकेल, पाच वर्षांचा धाकटा तर हातही लावणार नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण माझी सगळी निवड तिथंच ठरते.

यंत्र रटाळ आहे हे कबूल. मी ते त्यासाठीच सुचवलं. टॅबलेटवर पुस्तकाच्या शेजारी जे काही असतं ते हलतं, वाजतं, चमकतं. त्यातून मुलानं आपणहोऊन न हलणारी गोष्ट उघडावी ही अपेक्षा आपल्यालाही झेपत नाही. रात्री फोनवर ‘एकच लेख वाचतो’ म्हणून आपण कुठे पोचतो ते आठवून बघा. मग आईबापांच्या वाट्याला पहारा येतो. ‘वाचतेयस ना? दाखव बघू.’ सहलीत हे कोणाला हवंय? ई-रीडरवर पहाऱ्याची गरजच फारशी पडत नाही, कारण त्यावर दुसरं काही धड करताच येत नाही. ई-रीडरचा पडदा ई-इंक प्रकारचा असतो; त्यात काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात. पान उलटलं की विजेनं ते वरखाली सरकतात आणि मग जिथल्या तिथं बसून राहतात. दिसणारं पान तसंच ठेवायला वीज लागत नाही. बॅटरी टिकते ती यामुळे, आणि व्हिडिओ बघवत नाही तोही यामुळेच. तुम्ही ज्याला दोष म्हणता आणि मी ज्याला गुण म्हणते ते एकाच कारणातून आलंय.

म्हणूनच अँड्रॉइडवर चालणारे, हवी ती ॲप्स घेऊ देणारे ई-रीडर मुलांसाठी घेऊ नका असं लिहिलं होतं. मोठ्यांसाठी ती उत्तम यंत्रं आहेत. मुलाच्या हातात मात्र तो पुन्हा टॅबलेटच, फक्त संथ.

आता झोप. ‘ई-रीडरनं झोप बिघडते’ या वाक्यामागे बहुतेक वेळा एकच अभ्यास असतो, बोस्टनमधल्या संशोधकांचा, २०१४ च्या अखेरीला प्रसिद्ध झालेला. त्यात १२ तरुण प्रौढ होते. ते पाच रात्री, झोपण्यापूर्वी साधारण चार तास, मंद उजेडाच्या खोलीत वाचत होते. त्यांना झोप उशिरा लागली, हेही खरं. पण त्यांच्या हातात होता आयपॅड, तोही पूर्ण उजेडावर ठेवलेला. मथळ्यात ‘ई-रीडर’ आलं आणि तेच पसरलं. म्हणजे हा पुरावा घ्यायचाच तर तो तुमच्या घरातल्या टॅबलेटविरुद्ध जातो. ई-इंकच्या यंत्रात दिवे कडेला असतात आणि उजेड पानावर पाडतात; टॅबलेटमध्ये तो पडद्यामागून थेट डोळ्यांकडे येतो. खोलीत दिवा असेल तर ई-रीडरचा उजेड अगदी शून्यावर आणूनही वाचता येतं. एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही. नाकाला टेकवून तासन्‌तास वाचलं तर डोळ्यांवर ताण येणारच, कागदावरही येतो. मधूनमधून मान वर करून लांब बघायला लावणं हे काम आपल्यालाच करावं लागतं.

कागदाबद्दल मी तुमच्याशी निम्म्याहून जास्त सहमत आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता, एक लाख एकाहत्तर हजारांवर वाचकांचा. माहितीपर मजकूर, विशेषतः घड्याळ लावून वाचायचा असेल तर, कागदावर जास्त चांगला समजतो असं त्यात दिसलं. निव्वळ कथात्मक मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही. २०१९ च्या एका छोट्या प्रयोगात ५० जणांना एकच रहस्यकथा दिली होती, निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरवर. बहुतेक बाबतींत दोघांचं आकलन सारखं निघालं, पण कुठली घटना आधी आणि कुठली नंतर हे सांगण्यात किंडलवाले मागे पडले. मला हे पटतं. कागदी पुस्तकात डाव्या हाताखालची पानं वाढत जातात, उजवीकडची कमी होतात, आणि गोष्ट कुठवर आली हे बोटांनाच कळत राहतं. ई-रीडरवर तळाशी टक्के दिसतात, बोटांना काही कळत नाही.

तेव्हा अभ्यासाचं पुस्तक, नकाशे, कोडी, चित्रांची पुस्तकं कागदावरच. ई-रीडर गोष्टींसाठी आणि कादंबऱ्यांसाठी. त्याची गरज एका विशिष्ट मुलाला असते: जे मालिकेचा पहिला भाग प्रवास सुरू झाल्या दिवशीच संपवतं आणि दुसरा भाग घरी राहिलाय म्हणून उरलेली सहल सगळ्यांना ऐकवतं. अशा मुलासाठी पाच जाडजूड पुस्तकं वाहायची, की पावणेदोनशे ग्रॅमच्या आतलं एक यंत्र? तुमची मुलगी एका सहलीत दोन पातळ पुस्तकं वाचणारी असेल तर खरंच ती दोन पुस्तकंच न्या. मी काही विकायला बसलेली नाही.

खिडकीबद्दलही भांडण नाही. उलट चालत्या गाडीत ई-रीडर पिशवीतच राहू द्या. डोळ्यांना अक्षरं स्थिर दिसतात आणि आतल्या कानाला हेलकावे जाणवतात. या विसंगतीनं मळमळतं, आणि साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त. पडदा ई-इंकचा असला म्हणून यात काडीचा फरक पडत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर वाचायला बसवलेलं मूल पुढच्या वळणावर काय करतं ते सांगायला नको. ई-रीडर लागतो तो थांबलेल्या वेळात. विमान दोन तास उशिरा आहे, फलाटावर गाडीचा पत्ता नाही, मोठ्यांच्या गप्पा संपत नाहीत, मुक्कामी पोचल्यावर बाहेर पाऊस आहे. तिथं बघायला खिडकी नसते, असली तर तिच्यातून भिंत दिसते.

रंगीत का सुचवला नाही, हे विचारलंत. सध्याच्या बहुतेक रंगीत ई-रीडरवर काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात, पण रंग १५० नं. वरून रंगाच्या गाळणीमुळे पडदा थोडा काळवंडतो आणि दिवा जास्त लागतो. मुखपृष्ठं छान दिसतात. कॉमिक्समधल्या फुग्यातली अक्षरं मात्र सहा-सात इंचांवर मुंगीएवढीच राहतात, रंग असो वा नसो. पीडीएफचंही तेच, पान मोठं करून सरकवत बसायला मुलांकडे धीर नसतो. धाकट्यासाठी चित्रांची कागदी पुस्तकं घ्या, विषय संपला.

या सगळ्यात तुम्ही ज्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत, तो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: यंत्र मरतं कशानं. ई-रीडर खाली पडून फुटतो असं आपल्याला वाटतं. प्रवासात तो जास्त करून पिशवीत दबून जातो. बाटली टेकलेली असते, वरून कोणीतरी पिशवीवर बसतं. बाहेर काढल्यावर वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, बोट फिरवलं तर एक चराही लागत नाही. पण चालू केल्यावर वरच्या अर्ध्या भागात पुस्तकाच्या ओळी दिसतात आणि खालच्या अर्ध्यात काल यंत्र बंद करताना पडद्यावर आलेलं चित्र तसंच गोठलेलं, मधून दोन-तीन उभ्या रेघा. बहुतेक यंत्रांत ई-इंकच्या थराखाली कागदासारखी पातळ काच असते, ती गेलेली असते. दुरुस्तीच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. म्हणून पुढचा भाग झाकणारं, कडक पुठ्ठ्याचं कव्हर हवंच. नुसती मागून बसणारी मऊ रबरी खोळ इथं उपयोगाची नाही. आणि जागा पिशवीत पाठीकडच्या बाजूला, कपड्यांच्या घडीत.

पाण्याचं थोडक्यात. खोक्यावर आयपीएक्स ८ ही जलरोधकतेची खूण असेल तर किंडलच्या बाबतीत त्याचा अर्थ दोन मीटर गोड्या पाण्यात एक तास. किंडलचं सर्वांत साधं मॉडेल जलरोधक नाही, पेपरव्हाइट हे त्याच्या वरचं मॉडेल आहे. समुद्राच्या पाण्याला ही सवलत लागू नाही. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. आणखी एक बारीकशी कटकट: पडद्यावर थेंब पडले की यंत्राला ते बोटच वाटतं आणि पानं आपोआप उलटतात. पान उलटायला बटणं असलेलं यंत्र, उदाहरणार्थ कोबो या कंपनीचं लिब्रा, ओल्या हातांच्या मुलांना म्हणूनच बरं पडतं.

बॅटरीचे आकडे मात्र मुलांचा हिशोब धरून वाचा. ‘१२ आठवडे’ हा कंपनीचा दावा रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि उजेड मध्यम, असं गृहीत धरून केलेला असतो. म्हणजे ८४ दिवस गुणिले अर्धा तास, एकूण ४२ तास. पुस्तकात बुडालेलं मूल सुट्टीत दिवसाला चार तास सहज वाचतं. त्याच्यासाठी हे दहा दिवस झाले. सहा आठवड्यांचा दावा असेल तर पाच. टॅबलेटपेक्षा कितीतरी जास्तच, पण चार्जर घरी ठेवून निघण्याइतके नव्हेत.

निघण्याच्या आदल्या रात्री करायचं एक काम सांगते, कारण रडारड बहुधा इथूनच सुरू होते. ई-रीडरवर दिसणारी सगळी मुखपृष्ठं यंत्रात असतातच असं नाही. काही फक्त खात्यात असतात आणि उघडली की उतरायला लागतात. घरी वायफाय असल्यानं हा फरक कळत नाही. विमानात बसल्यावर कळतो. तेव्हा यंत्र विमान मोडवर टाका आणि न्यायचं प्रत्येक पुस्तक एकदा उघडून बघा. भावंडं एकाच खात्यावर दोन यंत्रांवर तेच पुस्तक वाचत असतील तर ‘सर्वांत पुढच्या पानावर जायचं का?’ असा प्रश्न यंत्र विचारतं. धाकटं ‘हो’ दाबतं आणि थोरल्यानं वाचून संपवलेला शेवट त्याच्यासमोर येतो. यंत्रांनी वाचनाची जागा आपसात जुळवायची ही सोय, म्हणजे सिंक, बंद ठेवा. दुकान आणि ब्राउझर पासवर्डनं बंद करायची सोय किंडलमध्ये आहे, तीही वापरा. लॉकस्क्रीनवर जाहिराती दाखवणारी आवृत्ती मुलांसाठी घेऊ नका.

राहिली उधळपट्टी. माझ्या मते उधळपट्टी यंत्रावर होत नाही, पुस्तकांवर होते. ई-रीडर घेताना आपण खरं तर दुकान निवडत असतो. किंडलवर घेतलेलं पुस्तक सहसा त्या खात्याशी बांधलेलं असतं, आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून ते संगणकावर उतरवून यूएसबीनं यंत्रात टाकायची सोयही बंद झाली. कोबो ईपब (ई-पुस्तकांचा सर्रास वापरला जाणारा प्रकार) फाइल थेट उघडतो आणि ओव्हरड्राइव्ह या ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या सेवेशी जोडलेल्या ग्रंथालयांतून पुस्तक उसनं घेता येतं, अर्थात तुमचं ग्रंथालय त्यात असेल तर. म्हणून मुलाला हवी असलेली चार पुस्तकं आधी शोधा, ती जिथं मिळतात तिथलं यंत्र घ्या. मराठी वाचायचं असेल तर नमुन्याचं प्रकरण उतरवून अक्षर मोठं करा आणि जोडाक्षरं नीट जुळलेली दिसतात का बघा. काही फाइलींमध्ये ती सुटी पडतात.

तुमच्या घरापुरतं विचाराल तर धाकट्याला काहीच घेऊ नका. मोठीसाठी विकत घेण्याआधी कोणा ओळखीच्यांकडून पुढच्या सहलीपुरता ई-रीडर मागून आणा, तिच्या आवडीच्या मालिकेचे दोन भाग त्यात टाका आणि तिला काही सांगू नका. दुसऱ्या दिवशीच्या रिकाम्या तासात तिनं तो स्वतः पिशवीतून काढला तर घ्यायचा विचार करा. नाही काढला तर तुमचं भाकीत बरोबर ठरलं आणि खर्चही वाचला. फक्त हातात देण्याआधी त्यांच्या खात्यातली खरेदी तेवढी कुलूपबंद करून घ्या, नाहीतर मालिकेचे उरलेले सगळे भाग त्या ओळखीच्यांच्या पैशांनी येतील.