आधी माफी, मग धुकं

तुमचा आक्षेप असा, की 1964 सालचा ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ हा टीव्हीवरचा नाताळचा कार्यक्रम मी आपलेपणाची गोष्ट म्हणून उगाच गौरवला. चमकत्या लाल नाकाच्या रेनडिअरच्या पोराला सगळ्यांनी हिणवायचं आणि धुक्यात सांताचं त्याच नाकावाचून अडलं की डोक्यावर घ्यायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, एवढंच त्यात आहे, असं तुम्ही लिहिलंत.

जॉनी मार्क्सच्या 1949च्या मूळ गाण्यापुरतं हे सोळा आणे खरं आहे. तिथे आधी हसणं, मग सांताचं बोलावणं आणि मग कौतुक. पण पटकथाकार रोमिओ मुलरने नेमका हाच क्रम बदलला. रुडॉल्फ आणि दातांचा डॉक्टर व्हायचं वेड घेतलेला हर्मी हा एल्फ, म्हणजे सांताचा बुटका मदतनीस, परत येतात, तेव्हा त्यांची हकीकत ऐकून मंडळी वरमतात. रुडॉल्फचा बाप डॉनर पोराची माफी मागतो, हर्मीला दवाखाना काढायची परवानगी मिळते, एका बेटावर पडून असलेल्या, कुणालाच नको असलेल्या खेळण्यांना घरं शोधून द्यायचा शब्द सांता देतो. नाताळ रद्द करायची वेळ येते आणि सांताची नजर त्या नाकावर पडते, ती यानंतर.

ही माफी घाईत उरकली आहे, हे मान्य. सॅम नावाचा हिममानव सूत्रधारासारखा चार वाक्यांत सांगून मोकळा होतो. बायकांनी घरी थांबावं हे डॉनरचं फर्मानही मला खटकतं. रुडॉल्फची आई आणि त्याची मैत्रीण क्लॅरिस ते धुडकावून निघतात, हे बरं.

पण अपमानाच्या प्रसंगात सॅम मध्ये पडत नाही. बापाने लपवलेलं नाक खेळताना उघडं पडतं. पोरं हसतात, ते समजू शकतं; प्रशिक्षक कॉमेटही त्याला खेळातून काढतो. आणि सांता? लाज वाटायला हवी, असं तो डॉनरलाच सुनावतो, वर पोराची उडी छान होती म्हणून हळहळतो. लहान मुलांच्या नाताळच्या कार्यक्रमात खुद्द सांता इतका चुकलेला दाखवायला धाडस लागतं.

आता ती खेळणी घ्या. पहिल्या प्रसारणात सांता त्यांना न्यायला गेलेला दाखवलाच नव्हता. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि 1965मध्ये तो प्रसंग जोडला गेला. चौकोनी चाकांची आगगाडी, ठिपक्यांचा हत्ती: यांच्यावाचून सांताचं काहीच अडलेलं नव्हतं. तरी तो रुडॉल्फला पुढे घेऊन आधी त्यांच्याच बेटावर जातो.