‘शोभेची काठी’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. ब्रिटिश पायदळाच्या १८९७च्या नमुन्याच्या अधिकारी तलवारीवरच्या माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या मते ही तलवार म्हणजे ‘साहेबाच्या कमरेची शोभेची काठी’. पात्यावरचे क्रमांक ही विक्रेत्यांनी रचलेली कहाणी. लांबी मी इंचांत दिली, हाही दोष. आणि ही तलवार ज्या लेफ्टनंटची, तो ज्या मराठा पलटणीत होता तिच्या शिपायांबद्दल लेखात एक ओळ नाही. शेवटी ‘लेखकाने कधी शस्त्र हातात धरलंय का?’ असा प्रश्न आहे. खाली नाव मात्र नाही.

लांबीचं मान्य. साडेबत्तीस इंच म्हणजे सुमारे ८२.५ सेंटीमीटर. लेखात भर घालतो.

आता ‘शोभेची काठी’. मतभेदाचं मला वावडं नाही, पण एखाद्या माणसाने लढाईत नेलेल्या वस्तूबद्दल बोलायची ही रीत नव्हे. हेच आपल्याला ‘तलवारीचा प्रत्यक्ष उपयोग किती होता?’ असं विचारता आलं असतं. मी आनंदाने उत्तर दिलं असतं. आपण प्रश्न विचारलाच नाहीत, थेट निकाल दिलात.

ब्रिटिश पायदळाच्या अधिकाऱ्यांकडे १८९२पर्यंत किंचित बाक असलेलं, कापायला आणि भोसकायला दोन्हीला चालेल असं पातं होतं. ते बदलून सरळ, फक्त भोसकण्यासाठीचं पातं आणलं. १८९५ला पितळी परज, म्हणजे मुठीवरचं हात राखणारं कवच, जाऊन पोलादी आली. तिची आतली कड कोटाला घासून कापड झिजू लागलं, म्हणून १८९७ला ती कड खाली वळवली. आता सांगा, शोभेच्या काठीचं पातं वापरासाठी कुणी बदलतं का? ती कड कोट झिजवते हेसुद्धा कळलं, कारण ही माणसं तलवार खरोखर बाळगत होती. कपाटातल्या वस्तूतले असे दोष कुणाला दिसत नाहीत.

तरीही तुम्ही म्हणाल, मशीनगनपुढे तिचं काय? दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात अधिकाऱ्यांनी तलवारी बाजूला ठेवून बंदुका घेतल्या, कारण तलवार दिसली की अधिकारी कोण ते नेमबाजाला लांबूनच कळे. पहिल्या महायुद्धात, १९१४ला, फ्रान्समध्ये काही महिन्यांत तेच झालं. म्हणजे तलवार जवळ ठेवणं हे जिवावरचं काम होतं. शोभेसाठी माणूस एवढी जोखीम घेत नाही. हा लेफ्टनंट ती घेऊन आजच्या इराकमधल्या बसऱ्याला उतरला, आणि एप्रिल १९१५मध्ये जवळच्याच शैबाला, जिथे शेवटी संगिनी लावून चढाई करावी लागली, तिथे ती त्याच्याजवळ होती. त्याच्या कुटुंबाकडच्या पत्रात तसं आहे. त्यांच्या विनंतीवरून मी नाव छापलेलं नाही, आणि तुम्ही डिवचलंत म्हणून छापणारही नाही.

आणि धार. हे पातं कारखान्यातून बिनधारेचं येई. लढाईवर निघताना आर्मरर, म्हणजे पलटणीतला शस्त्रं नीट करणारा कारागीर, ते घासून देई. या पात्यावर टोकाकडच्या भागात तिरक्या घाशीच्या रेघा आहेत आणि त्या रेघांच्या वरून जुन्या गंजाचे ठिपके बसलेत. म्हणजे आधी धार लागली, गंज नंतर चढला. हौशी मालकाने अलीकडे घासली असती तर क्रम उलटा दिसला असता. सोबतचं म्यानही लाकडावर तपकिरी चामडं चढवलेलं, मोहिमेवरचं आहे. संचलनाचं चकचकीत पोलादी नाही.

शस्त्र हातात धरलंय का, म्हणता? माझे वडील पलटणीत आर्मरर होते. कानशीच्या आवाजावरून धार कुठवर आली ते ते सांगत. माझं बालपण तेलाच्या चिंध्या आणि पोलादी भुसा यांत गेलं. पात्याच्या पाठीवर बोट फिरवून ते किती वेळा घासलं गेलंय याचा अंदाज घ्यायला मी त्यांच्याकडून शिकलो. कीबोर्डवर बसून ‘काठी’ लिहिणाऱ्याने मला हा प्रश्न विचारावा, हे मला लागलं. लपवत नाही.

क्रमांकाबद्दल फार लिहीत नाही. तलवारी बनवणाऱ्या विल्किन्सन कंपनीच्या नोंदवह्या १८५४पासूनच्या आहेत. पात्याच्या पाठीवरचा क्रमांक त्यांत पाहिला की विक्रीचा काळ कळतो आणि पुष्कळदा घेणाऱ्याचं नावही. अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घेत, म्हणून ही नोंद व्यक्तीपर्यंत पोहोचते. विक्रेत्याच्या कहाणीची गरजच पडत नाही.

शिपायांचा मुद्दा. तो मोठा विषय आहे आणि माझ्या लेखाचा नव्हता. लेख एका तलवारीवर होता. ती पलटण पुढे इराकमधल्याच कुत गावाच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. लेफ्टनंट शैबानंतर जखमी होऊन परतला होता. त्यावर तुम्ही ‘साहेब सुटला, शिपाई मेले’ असं लिहिलंत. जखमी माणसाबद्दल इतक्या सहज लिहिणाऱ्याशी मला या विषयावर वाद घालायचा नाही.

टोकाकडच्या भागाचे जवळून काढलेले फोटो आज लेखात जोडतो आहे. रेघा आणि गंज दोन्ही स्पष्ट दिसतात. ते पाहून, ही धार कुणी आणि कधी लावली असेल, तुमचं म्हणणं लिहा. या वेळी नावानिशी.