दिसतंय का काही?

नागपूरच्या माणसाला डोंगराचं वेड असतं, त्याला इलाज नाही. समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर, सपाट जमिनीवर आमचा जन्म जातो. आमचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल आणि डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स, जिथे ट्रिपल सीट स्कूटरसुद्धा कुरकुर न करता चढते. त्यामुळे १५ ऑगस्ट शुक्रवारी येतोय हे कॅलेंडरवर दिसलं, की घरोघरी एकच ठराव पास होतो : चिखलदरा. (ज्यांना आपण चार पैसे जास्त राखून आहोत असं दाखवायचं असतं, ते पचमढी म्हणतात.)

पहाटे पाचला निघायचं ठरलं. पण १५ ऑगस्टला पहाटे पाचला कोण निघतो? पोरांच्या शाळेत झेंडावंदन, मग सोसायटीत झेंडावंदन. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, "झेंड्याले सलामी दिल्याबगर मी गाडीत बसत नाही." रास्तच आहे. फक्त हाच विचार सगळ्या शहराने केलेला असतो. राष्ट्रगीत संपतं, बुंदीचा लाडू तोंडात जातो आणि खिशाला कागदी तिरंगा लावलेलं अर्धं नागपूर एकाच वेळी काटोल नाक्यावर येऊन हॉर्न वाजवतं.

खरं म्हणजे अमरावतीचा चौपदरी रस्ता सरळ होता. पण काकांना अप्पर वर्धा धरण दाखवायचं होतं, म्हणून आम्ही काटोल, वरूड, मोर्शी या वाटेला लागलो. सात सीटच्या गाडीत सात माणसं बसतात ही बनवणाऱ्यांची समजूत. सासूबाईंनी तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा, लोणचं आणि एक पातेलंभर दही आणलं होतं. पातेल्याला सीट देऊन झाल्यावर मेहुण्याचं काय करायचं हा प्रश्न उरला. शेवटी मेहुणा सीटवर आणि पातेलं मेहुण्याच्या मांडीवर, अशी तडजोड झाली.

"जवाईबापू, गाडी हळू घ्या, दही सांडन," हे वाक्य काटोल यायच्या आतच पाठ झालं.

धरणाचे सगळे दरवाजे उघडलेत, असा व्हिडिओ आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर फिरला होता. सिंभोऱ्याला पोचलो तेव्हा कळलं, की तो व्हिडिओ पाहून नुसते आम्हीच आलेलो नव्हतो. माणसांच्या डोक्यांवरून, मोबाइलच्या जंगलातून जेवढं दिसलं त्यात दरवाजांखालून पाण्याचा एक पातळ पांढरा पडदा होता. मोठी मुलगी म्हणाली, "एवढंसंच?" काकांना ते लागलं. "तेरा दरवाजे आहेत, तेरा! दरवाजा उघडला म्हणजे वाड्याचा दरवाजा उघडला काय? ते सेंटिमीटरमधी उघडतात. खाली गावं राहतात ना, बेटा." मग त्यांनी जिवंत साठा आणि मृत साठा यातला फरक सांगायला घेतला. तो चांदूरबाजार जाऊन परतवाडा आला तरी सुरूच होता. जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. नल आणि दमयंतीची पण वाटेत ताटातूट झाली होती, पण त्यांच्याबरोबर काका नव्हते, एवढं मला जाता जाता नोंदवावंसं वाटतं.

परतवाड्यानंतर घाट लागतो आणि इथून खरी सहल सुरू होते, म्हणजे थांबते.

नागपूरकर उत्तम गाडी चालवतो, पण आडवी. उभ्या रस्त्यावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे काढणं हे त्याला ड्रायव्हिंग स्कूलने शिकवलेलं नसतं, कारण स्कूलवाल्याकडेही चढ नसतो. आता समोर एक लांबलचक रांग, सगळ्या गाड्या एमएच ३१ आणि एमएच ४९, म्हणजे नागपूरच्याच, प्रत्येक जण हाफ क्लचवर, आणि दरीत जळक्या क्लचचा वास. त्यात एका हुशाराने उजवीकडून दुसरी रांग सुरू केली. दुसरी रांग बघून तिसरी सुरू झाली. वरून एसटी आली आणि वळणावर उभी राहिली. आता तिला पुढे जागा नाही, आम्हाला मागे नाही.

"नियमानं चढणाऱ्याले आधी वाट द्या लागते," काकांनी काच खाली करून जाहीर केलं. धुक्यातून कोणीतरी ओरडलं, "मंग चढा ना काका!"

मेहुण्याला पातेल्यासकट खाली उतरवलं आणि चाकाखाली दगड लावायची ड्युटी दिली. त्याने उचललेला दगड मी नीट पाहिला. एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला, त्यावर टायरचे काळे पट्टे एकावर एक. कितीतरी कुटुंबांना त्याने आधार दिला असणार. आमची गाडी दोन हात पुढे गेली, की मागचा जोडीदार हक्काने म्हणायचा, "भाऊ, झाला का तुमचा? सरकवा इकडे."

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, ते आपले सेक्रेटरी का?" दोन गाड्या मागे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांच्या पुढे दुसऱ्या मजल्यावरचे, खालच्या वळणावर तळमजल्यावरचे. मागच्या तिन्ही मीटिंगा कोरमअभावी तहकूब झालेल्या. इथे मेहकरी बाईंच्या... जाऊ द्या, नावं कशाला, पण विरोधी पक्षही हजर होता. मग घाटातच, कठड्याला टेकून, भाजलेलं कणीस खात टाकी साफ करायचा आणि मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला. टाकी मंजूर झाली. मेंटेनन्सवर आवाज चढायला लागले तोवर एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. अख्ख्या घाटात घाट कळणारा तो एकटा माणूस. त्याने एकेका हुशाराला नुसत्या बोटाने मागे घ्यायला लावलं, पंधरा मिनिटांत रस्ता मोकळा केला आणि कोणाकडेही न बघता निघून गेला.

गाविलगडाच्या पाटीपाशी मुलाने इतिहास विचारला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ ला घेतला. माणूस धोरणी. डिसेंबरात आला. १५ ऑगस्टला आला असता तर त्याच्या तोफा परतवाड्याच्या पुढे सरकल्या नसत्या आणि किल्ला वाचला असता.

वर पोचलो तेव्हा दह्याचं ताक झालं होतं. सासूबाईंनी लोणी काढून घेतलं.

आणि चिखलदरा? तो तिथे होता, असं सगळे म्हणत होते. देवी पॉइंटला गेलो : पांढरं. हरिकेन पॉइंट : पांढरं, वर वारा. भीमकुंडापाशी पाणी कोसळल्याचा आवाज आला, त्या दिशेला नमस्कार केला. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकलं आणि इथे हात धुतले अशी कथा आहे. पांडवांनी अज्ञातवासाला हाच मुलूख का निवडला, ते मात्र स्वच्छ दिसलं. कौरवांचे हेर रेलिंगपर्यंत येऊन सेल्फी काढून परत गेले असणार.

तरीही कोणी "काही दिसत नाही" असं म्हणत नव्हतं. एवढं पेट्रोल जाळल्यावर तसं म्हणता येत नाही. बायको म्हणाली, "तिकडे बघा, किती खोल आहे!" मी म्हणालो, "हो ना." काकांनी धुक्यात बोट दाखवून पाणलोट क्षेत्र समजावलं. शेजारच्या कुटुंबातले आजोबा मान डोलावत ऐकत होते.

पंचबोल पॉइंटला हाक मारली की ती पाच वेळा परत येते म्हणतात. मुलाने दोन्ही हात तोंडाशी धरून जीव तोडून आरोळी ठोकली, "कोन हाय बेऽऽ?"

क्षणभर शांतता. मग धुक्यातून जाड आवाज आला, "नागपूरच्या महालातले. तुमी?"

शक्कर तलावावर पायाने हाकायच्या बोटी होत्या. सासूबाई आणि मी एका बोटीत, कारण बाकीच्यांनी चपळाई केली. समोरचा काठ नाही, मागचा काठ नाही, आम्ही पाय मारतोय. "जवाईबापू, आपण चाललो ना?" "चाललो आई." शिट्टी ऐकू आली तेव्हा बोट सुटली होती तिथून जेमतेम वीस पावलांवर होती. काठावरून काकांनी विचारलं, "साठा किती आहे?"

मंगळवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सहकारी भेटला. तो पचमढीवाला. मी मोबाइल काढला, आमचं पांढरं दाखवलं. "ही दरी," मी म्हणालो. त्याने त्याचं पांढरं दाखवलं. "हा धूपगड. १३५२ मीटर, सातपुड्यात सगळ्यात उंच. दिसला नाही."

"आमची तर दरीच दिसली नाही."

"आमच्या ड्रायव्हरला समोरची गाडी दिसेना. बायको टॉर्च घेऊन पुढे चालत होती."

हे जरा जड होतं, पण मी पंचबोल काढला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "आम्ही रात्री जेवून परत आलो, तर हॉटेलच सापडलं नाही."