जिज्ञासा जागवा, पण पाचच्या आत

अभिनंदन! कालपर्यंत तुम्ही तिसरी-चौथीचा जोडवर्ग सांभाळत होता, आज शिक्षक प्रशिक्षणाचे तज्ज्ञ मार्गदर्शक झालात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून ‘विज्ञानाचं एक नाव पाठवा’ असा फोन आला आणि नेमके तुम्ही त्या दिवशी रजेवर होता. तज्ज्ञ निवडण्याची ही पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. तिच्याविषयी शंका मनात आणू नका. शंका कशी घ्यावी हे तुम्हाला इतरांना शिकवायचंय. स्वतः घेत बसलात तर शिकवणार कधी?

विषय आहे शोधाधारित विज्ञान शिक्षण, म्हणजे मुलांनी स्वतः प्रश्न विचारून, करून पाहून शिकायचं. घाबरू नका. पूर्वी हेच आनंददायी होतं, मग कृतियुक्त झालं, मग ज्ञानरचनावादी. पीपीटी तीच ठेवा, पहिली स्लाईड तेवढी बदला. मधल्या एखाद्या स्लाईडवर आधीच्या योजनेचं बोधचिन्ह राहून जातंच, पण जेवणानंतरच्या सत्रात ते कुणाला दिसत नाही.

सुरुवात ‘मूल म्हणजे रिकामं भांडं नव्हे’ या वाक्याने करा. ते पन्नास शिक्षकांना रांगेत बसवून, हाताची घडी घालायला लावून, तीन तास सांगा. ‘वाचून दाखवू नका, मुलांना करू द्या’ ही स्लाईड आली की ती मोठ्याने वाचून दाखवा. मागच्या बाकावरचे गुरुजी वहीत उतरवून घेतील. त्यांनी गेल्या वर्षीही उतरवून घेतलं होतं, त्याच वहीत, चार पानं आधी.

मग धड्याचे पाच ‘ई’ शिकवा: एंगेज, एक्स्प्लोर, एक्स्प्लेन, इलॅबोरेट, इव्हॅल्युएट. पाच टप्पे, पाच रंगांच्या टोप्या, पाच गट. चाळीस मिनिटांच्या तासात दोन वर्ग आणि पाच टप्पे कसे बसवायचे, असं एखाद्या बाई विचारतील. हसून म्हणा, ‘मॅडम, मनात असलं की सगळं बसतं.’ त्या बाई पोषण आहाराचा तांदूळ मोजून, यूडायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरून, एका मुलाच्या गुडघ्याला हळद लावून तिथवर पोचलेल्या असतात. त्यांच्या मनात काय आहे ते मात्र विचारू नका.

प्रात्यक्षिक हवंच. मेणबत्तीचं घ्या, ते कुठेही जमतं. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी चढतं. जाहीर करा, ‘हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली.’ टाळ्या. इथे लगेच पुढच्या स्लाईडवर जा, कारण थांबलात तर नजर असलेला एखादा शिक्षक म्हणेल, ‘साहेब, ज्योत होती तोवर पाणी फारसं चढलंच नाही, चढलं ते विझल्यावर. आणि आमच्या पोरांनी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त चढलं. ग्लास तोच, मग ऑक्सिजन वाढला कुठून?’

उत्तर काही अवघड नाही. ज्योतीने तापून पसरलेली हवा विझल्यावर गार होते, आकसते, आणि पाणी आत ढकललं जातं. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. पण हे सांगायचं तर दहा मिनिटांपूर्वी आपण चुकलो हे कबूल करावं लागेल, आणि त्यासाठी पीपीटीत स्लाईड नाही. यासाठीच भिंतीवर ‘पार्किंग लॉट’ नावाचा तक्ता लावतात. ‘फार सुंदर प्रश्न!’ असं म्हणून तो चिठ्ठीवर लिहून तिथे डकवायचा. संध्याकाळी तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवायचा. महाराष्ट्रातले उत्तमोत्तम प्रश्न आज कपाटांवर आहेत.

आता शाळाभेट. शक्यतो २८ फेब्रुवारीला जा, राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, फोटो चांगले येतात. समजा, साताऱ्याकडच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत गेलात. तिथल्या बाईंनी तुमचं प्रशिक्षण दुर्दैवाने मनावर घेतलेलं आहे. अंगणात मीटरभर काठी रोवली आहे, पोरं दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करताहेत. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य त्यांना तपासून पाहायचंय. वाक्य तपासायचं! आणि तुम्ही चहा घेऊन निघणार होता.

बाराला सावली भरते ५४ सेंटिमीटर. साडेबाराला कमी होते. पाऊण वाजता ४८, आणि सव्वाला पुन्हा ५०. म्हणजे सावली सगळ्यांत आखूड झाली पाऊणच्या सुमाराला, आणि तेव्हाही चांगली हातभर उरली. सूर्य बाराला डोक्यावर नव्हता, पाऊणलाही नव्हता. चौथीतली एक मुलगी तुमच्याकडे पाहून विचारते, ‘सर, घड्याळ चुकलंय का सूर्य?’

तज्ज्ञाची कसोटी ती हीच. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत. सातारा ७४ अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर चौतीस मिनिटांचा उशीर इथेच झाला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे फेब्रुवारीअखेरीस सूर्य आणखी बाराएक मिनिटं मागे असतो. बेरीज करा, खडूची खूण बरोबर निघते. सूर्य खरोखर डोक्यावर यायला मे उजाडतो, तेव्हा शाळेला सुट्टी. पुढची संधी पावसाळ्यात, तेव्हा ढग.

यातलं काही बोलू नका. मुळात लगेच सांगून टाकणं हाही त्या मुलीवर अन्यायच, पण तुम्ही गप्प राहायचंय ते त्या कारणासाठी नव्हे. तुम्ही काठीला हात लावा, किंचित हलवा, आणि म्हणा, ‘बाई, काठी तिरकी होती.’ बाईंचा चेहरा उतरेल. मुलगी काठीकडे बघेल, मग ओळंब्याकडे बघेल, कारण काठी रोवताना त्यांनी दोरीला दगड बांधून ओळंबा लावला होता. तिच्या नजरेला नजर देऊ नका. निरीक्षण सूची काढा. ‘विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले का?’ इथे ‘होय’वर खूण करा. ‘सर, तुम्ही जेवणार का?’ हाही प्रश्नच आहे, तोही धरा, दोन होतील.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी कडुलिंबाखाली भांडी घासताना हे ऐकत असतात. त्यांना कुठल्या महिन्यात सावली किती वाजता कुठे सरकते ते पक्कं ठाऊक आहे, कारण रोज त्यांना तिच्यामागे पातेली सरकवावी लागतात. त्यांना विचारू नका. त्यांच्यासाठी सूचीत रकाना नाही.

शाळेतली विज्ञानपेटी मात्र जरूर बघा. ती कुलूपबंद असेल आणि तशीच असावी. परीक्षानळी फुटली की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कमी दाखवायची, त्यासाठी ठराव घ्यायचा, मंजुरी आणायची, त्यापेक्षा न उघडलेली पेटी बरी. भिंगावर धूळ नाही ना, एवढं मात्र शेरेवहीत लिहा.

एखादे जुने मुख्याध्यापक हटकून होशंगाबादची गोष्ट काढतात. विज्ञान शिकवण्याचा तो कार्यक्रम १९७२ साली मध्य प्रदेशातल्या सोळा शाळांत सुरू झाला, पोरं आधी प्रयोग करायची आणि मग बोलायची, परीक्षेलाही पुस्तक उघडून बसायची. शिक्षक दर महिन्याला जमून आपल्याला काय जमलं नाही ते एकमेकांना सांगायचे. ‘जमलं नाही’ हे सांगायला बैठक! असा कार्यक्रम तीस वर्षं चालला याचंच नवल. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. मुख्याध्यापकांना सांगा, ‘सर, त्यांच्याकडे अहवाल भरायची लिंक नव्हती.’

तुमच्याकडे आहे. म्हणून भेट संपताच आधी फोटो: काठीभोवती गोल, तुम्ही मधोमध, बोट सूर्याकडे, मुलांची तोंडं कॅमेऱ्याकडे. मग अहवाल, किमान दोनशे शब्द, ‘विद्यार्थ्यांनी स्वतः ज्ञानाची निर्मिती केली’ हे वाक्य त्यात दोनदा यावं. निष्कर्षाच्या रकान्यात लिहा: दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो, हे विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कृतीतून पडताळून पाहिलं. लिंक पाचला बंद होते. घड्याळाच्या पाचला.