रेग्युलेटर पिळण्याआधी पुंगळी बघा

सुभेदारसाहेब, रामराम.

एसएलआर, म्हणजे दर गोळीनंतर आपोआप पुढची गोळी भरणारी रायफल, का अडकते यावरचा माझा लेख वाचून परभणीहून तुम्ही लिहिलंत, "एसएलआर अडकली की गॅस रेग्युलेटर दोन खुणा बंद करायचा अन् फायर चालू ठेवायचा. पलटणीत एवढंच शिकवलं. तुम्ही हत्यारं दुरुस्त करणारे आर्मोरर लोक साध्या गोष्टीचं पुराण करता. आणि एवढ्या पुराणात गॅस प्लगचं नाव नाही!"

पुराण झालं, कबूल. समोरून गोळ्या येत असतील तर मीही तुमचंच ऐकेन. पण माझा लेख चांदमारी संपल्यावर टेबलावर येणाऱ्या रायफलीबद्दल होता.

गोळी सुटली की तिच्या मागचा थोडा गॅस पिस्टनला मागे ढकलतो, त्या जोरावर झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी निघून पुढची गोळी भरली जाते. या रायफलीत रेग्युलेटर उघडा असेल तेवढा जादा गॅस बाहेर सुटतो. बंद करत जाल तसा पिस्टनला जास्त गॅस मिळतो. म्हणजे बंद केल्यावर रायफल चालली तर एवढंच कळलं, की जोर कमी पडत होता. का पडत होता, ते तसंच राहिलं. विहिरीवरचं इंजिन पाणी उचलेना तर आपण आधी फूटव्हॉल्वचा गाळ बघतो, नुसता अॅक्सिलेटर वाढवत बसत नाही.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या चांदमारीतली एक रायफल सांगतो. पाचात दोन वेळा अडकायची. माझ्याकडे येईस्तोवर तिघांनी रेग्युलेटर पिळून पिळून पार बंद केला होता. धक्का असा, की पोराचा खांदा काळानिळा. मी रायफलीला हात लावायच्या आधी पुंगळ्या मागवल्या. दोघींची कड एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखानं ओरबाडलेली. गॅस कमी असता तर पुंगळी निघाली असती, पण बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली असती, नाहीतर मागेपुढे सरकणारा ब्रीच ब्लॉक अर्ध्यातून परतून पुढची गोळी उचललीच नसती. इथं पुंगळी चेंबरलाच, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीलाच, धरून बसली होती. आत गंजाचं कडं! जास्त गॅसनं नख आणखी जोरात ओढत होतं, कड फाटत होती. चेंबर घासून कोरडं केलं, मग रेग्युलेटर पूर्ण उघडून एकेक गोळी झाडत खूण खूण बंद करत आलो. नीट चालू लागल्यावर आणखी दोन खुणा बंद. तुमच्या त्या दोन खुणा इथल्याच, साहेब. फक्त त्या शेवटी येतात.

दुसरं दुखणं आपल्याकडच्या मे महिन्याचं. काळ्या रानाची धूळ, अन् पिस्टनला प्रेमानं चोपडलेलं तेल. ते तेल जळून कार्बन धरतं, धूळ बसली की खरड होते. गॅस सिलिंडर अन् पिस्टन कोरडेच ठेवायचे. रायफल रिकामी करून, स्प्रिंग काढून पिस्टन एकटा सिलिंडरमध्ये सोडा. स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. ढकलावा लागला तर रेग्युलेटरचा काय दोष?

मॅगझिनचं थोडक्यात: खूण करून दुसऱ्या रायफलीला लावा. दोष बरोबर गेला तर ओठ वाकलेत किंवा स्प्रिंग मेलीय.

आता प्लग, म्हणजे गॅस सिलिंडरच्या पुढच्या तोंडाचं फिरवता येणारं बूच. तिथं तुम्ही मला पकडलंत. प्लग ग्रेनेड फेकायच्या बाजूला फिरलेला असेल तर पिस्टनकडे गॅस जातच नाही, दर गोळीला हातानं कॉक करावं लागतं, आणि रायफलीत दोष काहीच नसतो. इतकी वर्षं सवयीनं आधी तेच बघत आलो, म्हणून लिहायचंच राहिलं. आज सकाळी मूळ लेखात पहिलीच ओळ घातली: प्लगवरचा 'ए', म्हणजे नेहमीच्या फायरची खूण, वर आहे का बघा.